मारेकरी चपला काढून आत येतो

सर्व आप्तेष्ट, स्नेही, हितचिंतक आणि डहाणू-तलासरी परिसरातील तमाम नागरिकांना अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की माझी हत्या झालेली आहे. नरपडला, माझ्या सख्ख्या काकांच्या घरात, दिवसाढवळ्या, घरची माणसं हजर असताना झाली. मारेकरी माझा चुलत भाऊ आहे. मी त्याला दादा म्हणतो, कारण तो माझ्यापेक्षा काही महिन्यांनी मोठा आहे आणि ते काही महिने त्याने मला उभ्या आयुष्यात विसरू दिलेले नाहीत. हत्येचं संपूर्ण चित्रीकरण इंटरनेटवर फुकट पाहायला मिळतं. ज्यांनी पाहिलं त्यांचं मत असं पडलं की मला मारलं ते उत्तमच झालं, फक्त जरा आधी मारायला हवं होतं.

आता रीतसर सांगतो.

दादाचं डहाणू रोड स्टेशनजवळ फोटो-व्हिडिओचं दुकान आहे. उंबरगावपासून कासापर्यंत कुठेही लग्न असो, मांडवात गळ्यात कॅमेरा अडकवलेला, घामाने ओलाचिंब, "नवरीकडचे, जरा हसा की!" असं ओरडणारा माणूस दिसला तर तो दादा. लोकांच्या आयुष्यातले आनंदाचे क्षण टिपता टिपता त्याच्या मनात एकच इच्छा शिल्लक राहिली होती, ती म्हणजे कुणाला तरी गोळी घालायची. अर्थात सिनेमात. सुपारी घेऊन माणसं मारणारा, कमी बोलणारा, काळा गॉगल लावणारा आणि आतून फार दुःखी असलेला मारेकरी त्याच्या डोक्यात कॉलेजपासून बसला होता. भूमिका तो स्वतः करणार होता. दिग्दर्शन त्याचंच, कथा आणि संवाद त्याचेच, कारण दुसरं कोणी तयार नव्हतं. कॅमेरा वहिनीने धरायचा. हळदीच्या वेळी बायकांच्या घोळक्यात शूटिंग तीच करते, त्यामुळे तिचा हात बसलेला. आणि गुंडांचा म्होरक्या मी. माझं पोट बघून ही भूमिका मला दिली असं दादा चारचौघांत सांगतो. मी सांगतो की माझा आवाज बघून दिली.

पिस्तूल महालक्ष्मीच्या जत्रेतून आणलं. रक्त म्हणजे गुलाबाचं सरबत. दुबईचा प्रसंग तलासरीच्या पुढे एका मोकळ्या माळावर उरकला, कारण तिथे खजुरीची झाडं आहेत आणि दादाच्या मते दुबईतही खजूरच असतो.

पण हे सगळं वरवरचं झालं. सिनेमा का काढायचा याचं खरं कारण मला ठाऊक होतं, वहिनीला ठाऊक होतं, आणि ज्यांना ठाऊक असायला हवं होतं त्यांना नव्हतं. ते कारण म्हणजे काका.

काका चिकूवाले. त्यांच्यासमोर फळांचा ढीग ओतला की ते एकेक चिकू हातात घेतात, अंगठ्याने त्याच्यावरचा भुसा पुसतात, नखाने जरासं खरवडून आतला रंग बघतात. फळ तयार असेल तर म्हणतात, "चालेल." नसेल तर काहीच म्हणत नाहीत. नुसतं बाजूला ठेवतात. माणसांच्या बाबतीतही त्यांची हीच रीत. माझ्या बायकोला पहिल्यांदा पाहून ते "चालेल" म्हणाले तेव्हा आमच्या घरी पेढे आणले होते. वहिनीला ती लग्न होऊन आली त्या आठवड्यातच म्हणाले. मला एकदा म्हणाले, गॅदरिंगमध्ये मी राक्षस झालो होतो तेव्हा. दादाला कधीच नाही. तो पास झाला तेव्हा नाही, त्याने दुकान टाकलं तेव्हा नाही. बागेत उभं राहायचं सोडून तो कॅमेरा घेऊन लोकांच्या मांडवात शिरला, तेव्हाच काकांनी त्याला बाजूला ठेवलं होतं. रागावले नाहीत, भांडले नाहीत. रागावले असते तर दादाचं निम्मं दुःख कमी झालं असतं.

पन्नाशी उलटलेला माणूस बापाच्या एका शब्दासाठी सिनेमा काढतो हे ऐकायला मजेशीर वाटतं. मीही पुष्कळ दिवस हसत होतो.

त्यातला शेवटचा प्रसंग दादाने खास काकांसाठी लिहिला होता. काकांच्या ओटीसमोर एक चिकूचं झाड होतं. तरुणपणी काकांनी स्वतः खिरणीच्या रोपावर कलम बांधून केलेलं. बागेतलं ते पहिलं. काकांची खुर्ची ओटीवर त्याच्याकडे तोंड करून असायची. सकाळचा चहा, दुपारची पेंग, संध्याकाळचं नुसतं बसणं, सगळं त्या झाडाच्या समोर. सिनेमात मारेकरी शेवटी सगळे खून करून थकतो, गावी परत येतो आणि त्या झाडाखाली उभा राहून रडतो. संवाद नाही. फक्त चेहरा. वहिनीने कांदा चिरून आणला होता आणि दादाने खरोखर सुंदर रडून दाखवलं. मी कौतुकाला कंजूस माणूस आहे, पण त्या दिवशी मी त्याला मिठी मारली. दादा म्हणाला, "बाबा हा शॉट बघतील ना, तेव्हा बघ."

माझ्या हत्येचं शूटिंग त्याच्या आदल्या दिवशी झालं होतं. ते नीट सांगायला हवं, कारण पुढचा सगळा अनर्थ तिथून सुरू होतो.

मी काकांच्या माजघरात झोपाळ्यावर बसलो होतो. गळ्यात जाड साखळी, हातात विडी, चेहऱ्यावर क्रौर्य. काका बागेत गेले होते. दादाच्या अंगात काळा कोट, डोळ्यांवर गॉगल, आणि खाली त्याच्या नेहमीच्या चपला. म्हणजे कमरेच्या वर मारेकरी आणि कमरेच्या खाली आमचा दादा. वहिनीने कॅमेरा सुरू केला. दादा अंगण ओलांडून आला, ओटीच्या पायरीशी थांबला, चपला काढल्या, पायानेच एकमेकींना लावून नीट ठेवल्या आणि आत आला. मी गुरगुरत म्हणालो, "ये. बस." तो बसला. एवढ्यात स्वयंपाकघरातून काकी पाण्याचा तांब्या-भांडं घेऊन आली, कारण बाहेरून कोणीतरी आल्याचं तिने ऐकलं होतं. दादाने पाणी घेतलं. कोट घालून उन्हातून आलेला, भांडं एका दमात संपवलं, आणखी अर्धं मागितलं, तेही प्यायला, भांडं तिच्या हातात परत दिलं आणि मग खिशातून पिस्तूल काढून मला गोळी घातली.

मी झोपाळ्यावरून खाली पडलो. छातीवर सरबत. ते इतकं गोड होतं की पाच मिनिटांत लाल मुंग्या आल्या, आणि मी मेलेला असल्यामुळे हळूच पायाने पाय खाजवण्यापलीकडे मला काही करता येईना.

"झकास!" दादा ओरडला. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"झालं का रे मारून?" काकीने विचारलं. "चहा टाकू?"

देवाशप्पथ सांगतो, आमच्यातल्या एकाच्याही काही लक्षात आलं नाही. वहिनीच्याही नाही. नंतर दुकानात बसून दादाने तोच प्रसंग कापला, जोडला, गोळीचा आवाज म्हणून फुगा फोडल्याचा आवाज भरला, लग्नाच्या कॅसेटला वापरतो त्याच कॉम्प्युटरवर काम केल्यामुळे माझं प्रेत बदामाच्या आकारात गोल फिरत मोठं होतं, तेही त्याला चाललं. चपला आणि पाणी मात्र दिसलेच नाहीत. घरात येणारा माणूस चपला काढतो, त्याला पाणी देतात, तो पितो. यात बघण्यासारखं काय आहे?

शूटिंगचा तो हिवाळा गेला. मे महिन्यात समुद्रावरून वादळ आलं. नरपडला सुरूची झाडं माना मोडल्यासारखी पडली, बागांमध्ये चिकू मुळांसकट उलथले. काकांची निम्मी बाग वाचली. ओटीसमोरचं झाड वाचलं नाही.

तेव्हा काकांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला होता. झाड पडलं हे त्यांना आवाजावरून कळलं आणि मग माणसांनी सांगितलं, पण त्यांनी ते पाहिलं असं म्हणता येत नाही. ते त्याच खुर्चीत त्याच दिशेला तोंड करून बसत राहिले. समोर त्यांना तसंही धुकंच दिसायचं. त्या धुक्यात त्यांनी काय उभं ठेवलं होतं कोण जाणे. पडलेलं खोड कापायला माणसं आली तर त्यांना हाकलून द्यायचे.

गणपती झाल्यावर दादाने सिनेमा इंटरनेटवर टाकला. काकांना नंतर दाखवू, डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर, असं ठरलं. तोपर्यंत जगाची मतं येऊ देत.

जगाची मतं आली.

पहिलं मत दुकानात आम्ही दोघांनी मिळून वाचलं. दादाने ते मोठ्याने, भाषण केल्यासारखं वाचायला सुरुवात केली. "भाऊ, मारायला आला होतास की मुलगी बघायला?"

दादा थांबला. "म्हणजे काय रे?"

खाली दुसरं होतं, हिंदीत. मर्डर होता की साखरपुडा, असं त्या गृहस्थांनी विचारलं होतं. वापीकडच्या कुणीतरी गुजरातीत लिहिलं होतं, "पाणी पीधुं ने पछी गोळी मारी. संस्कारी छे!" एकाने काळजीने लिहिलं होतं की मारेकऱ्याने चपला बाहेर ठेवल्या आहेत, चोरीला गेल्या तर पळणार कसा. एकाचं म्हणणं की मेलेला गुंड पाय खाजवतो. त्यावर मला मुंग्यांविषयी सविस्तर उत्तर द्यायचं होतं, पण दादाने हात धरला.

"चपला? कुठल्या चपला?"

त्याने प्रसंग लावला. आम्ही बघितला. त्याने पुन्हा लावला. आता चपलांशिवाय दुसरं काही दिसेना. पायरीवर एकमेकींना चिकटून दोघी बसलेल्या, सगळ्या जगाकडे बघत. आधी मी हसलो. मग दादाही हसला, खूप हसला, टेबलावर डोकं टेकवून हसला, आणि डोकं वर काढलं तेव्हा हसत नव्हता.

"मग काय चपला घालून आत यायचं माणसाने?"

"मारायला आलेल्या माणसाने यायचं, दादा."

"बाबांच्या घरात?"

मी खाली माझ्या पायांकडे बघितलं. दुकानाच्या दारात चपला मीही काढल्या होत्या.

त्यानंतर दादाला एक वाईट खोड लागली. दुकानात गिऱ्हाईक असो नसो, तो मोबाइलवर खाली खाली सरकत मतं वाचायचा. त्याला टिंगलीची सवय झाली होती. तो दुसरंच काहीतरी शोधत होता. मी गेलो की विचारायचा, "शेवटाबद्दल कोणी लिहिलंय का रे? तुला दिसलं काय?" कोणीच लिहिलं नव्हतं. लोक माझ्या मृत्यूपर्यंत पाहायचे, पोटभर हसायचे आणि बंद करायचे. एकाने तर स्पष्ट लिहिलं, गुंड मेल्यावर बंद केला, पुढे काय झालं ते कृपया कोणी सांगू नये, गरज नाही. मग मीच एका खोट्या नावाने लिहिलं, "शेवट काळजाला भिडला. गुंडाचं काम करणाऱ्या कलाकाराचा आवाज विशेष उल्लेखनीय." दादाने ते वाचलं आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "तू तरी शेवटपर्यंत बघितलास ना?"

मी त्याला इतका लहान झालेला कधी पाहिला नव्हता. बारशां-वाढदिवसांना तो "हसा" म्हणून ओरडेनासा झाला. लोक न हसताच फोटोत उभे राहायला लागले. वहिनी म्हणाली, "भावजी, हे रात्रीचं जेवत नाहीत धड. ताटात बघतात आणि म्हणतात, पाणी पिऊन मारायला नको होतं."

दिवाळीच्या सुमारास काकांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. हिरवी पट्टी निघाली त्या सकाळी ते काकीचा हात न धरता ओटीवर आले. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून समोर बघत राहिले. झाड होतं तिथे आता थेट आभाळ होतं, आणि खाली आडवं पडलेलं काळं खोड. त्यांनी खुर्ची उचलली, आत नेली आणि भिंतीकडे तोंड करून ठेवली. त्या दिवसापासून ते ओटीवर बसलेले नाहीत. काकी चहा देते, तो ते भिंतीसमोर पितात. नवीन डोळ्यांनी भिंत बघतात.

अशा घरात सिनेमा दाखवू या असं कोण म्हणणार? दादा म्हणाला नाही. मीही नाही.

तुळशीची लग्नं झाली आणि माणसांची सुरू झाली. तलासरीला एका लग्नाचं काम दादाकडे होतं, मोठा मांडव, मोठा एलईडी पडदा. मीही सोबत गेलो, कारण मला जेवण आवडतं. नवरदेवाची गाडी हायवेला ट्रॅफिकमध्ये अडकली. दुपार चढली, मांडवात पाहुणे कंटाळून पंख्याखाली जांभया देत बसले, आणि दादाच्या डोळ्यांत कितीतरी दिवसांनी काहीतरी चमकलं.

"हे आपले लोक आहेत," तो म्हणाला. "इंटरनेटवाल्यांना काय कळतंय?" आणि मी नको म्हणायच्या आत त्याने पडद्यावर सिनेमा लावला.

वाचकहो, त्या दुपारी मी जे पाहिलं ते कुठल्याही मोठ्या थिएटरात पाहायला मिळणार नाही. मारेकरी पायरीशी आला, चपला काढल्या, आत गेला. मांडवात कोणी हसलं नाही. काकीने पाणी आणलं. कोणी हसलं नाही. दादाने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बोटं उमटली. "बघ," तो पुटपुटला, "बघ, कोणी हसत नाय."

गोळी सुटली, मी पडलो, बदामात फिरलो. पुढच्या रांगेतली एक म्हातारी उठून उभी राहिली. "मांडवात मुडदा कशाला दाखवताव रे? नवरी यायचीय! बंद करा!"

"बस गो मावशे," मागून कोणीतरी ओरडलं, "मुडदा हितंच बसलाय बघ, बुंदी खातोय!"

सगळा मांडव माझ्याकडे वळला. मी उठून नमस्कार केला. आयुष्यात मला मिळालेली ती एकमेव टाळी.

मग दुबई आली. "ही दुबई?" एक रिक्षावाला किंचाळला. "अरे ही तर आमच्या बांधावरची खजुरी!"

"मडकं बघ, मडकं! दुबईत ताडी उतरवतात!"

"मग मला पण ने रे दुबईला! परवाच जाऊन आलो, चालत!"

लोक हसत होते, पण ते वेगळं हसणं होतं. आपलं शेत पडद्यावर आलं म्हणून आनंदलेलं. खुर्च्या पुढे सरकवत होते. मागची माणसं उभी राहिली. दादाचा चेहरा लग्नातल्या नवऱ्यासारखा झाला होता. मारेकरी दुबईहून, म्हणजे तलासरीहून, नरपडला निघाला. दादा माझ्या कानात म्हणाला, "आता शेवट."

आणि बाहेर डीजे वाजला.

नवरदेव आला होता. एका क्षणात अख्खा मांडव उठला आणि दाराकडे धावला. म्हातारी धावली, रिक्षावाला धावला, करवल्या धावल्या. दादालाही धावावं लागलं, कारण नवरदेवाचं गाडीतून उतरणं टिपायचं होतं, त्यासाठीच तर त्याला बोलावलं होतं. पडद्यावर तो झाडाखाली आला, गॉगल काढला आणि रिकाम्या खुर्च्यांसमोर रडला. मांडवाच्या कोपऱ्यात आचारी पाठ करून पापड तळत होता. शेवट फक्त मी पाहिला. आणि मी कथेच्या दृष्टीने कधीच मेलेला होतो.

परतताना चारोटीवरून डहाणूकडे वळलो. गंजाडच्या पुढे आल्यावर दादा म्हणाला, "काढून टाकतो उद्या. इंटरनेटवरून पण, कॉम्प्युटरमधून पण. कशाला ठेवायचा? कोणी बघितलाच नाय."

"काकांना दाखव एकदा. मग काढ."

"आणि त्यांना नाय आवडला तर?"

"ते काय बोलणार आहेत? काहीच बोलणार नाहीत."

"तेच तर," दादा म्हणाला.

रविवारी सकाळी आम्ही काकांच्या घरी जमलो. दादाने टीव्ही त्याच भिंतीशी आणून ठेवला जिच्याकडे काका तोंड करून बसायचे, त्यामुळे त्यांना खुर्ची हलवावी लागली नाही. "बाबा, थोडं बघा," एवढंच म्हणाला आणि टीव्हीशेजारी रिमोट घेऊन उभा राहिला. बसला नाही. लग्नात कधी बसायची सवय नाही. काकी जमिनीवर, वहिनी दाराशी, मी झोपाळ्यावर, जिथे मारला गेलो होतो तिथेच.

काका बघत होते. चेहऱ्यावर काही नाही. मारेकरी आला, चपला काढल्या. काकांनी पापणी हलवली नाही. पडद्यावर काकी पाणी घेऊन आली तेव्हा मात्र म्हणाले, "ही तू."

"मग कोण?" काकी म्हणाली, आणि पदराने तोंड पुसलं.

मी मेलो. काकांनी मान वळवून झोपाळ्यावर माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे पाहिलं. "बराच वेळ मेलास," म्हणाले. मी धन्यवाद म्हणालो. दुबई आली आणि गेली. मधे एकदा काकांनी डोळे मिटले तेव्हा दादाने रिमोटवरचा अंगठा घट्ट केला, पण ते लगेच उघडले.

मग शेवट आला.

आधी लांबून दिसतं. अंगण, ओटी, आणि समोर ते झाड. पूर्ण. वहिनीने ते पायथ्यापासून शेंड्यापर्यंत घेतलं होतं, हिवाळ्याच्या उन्हात पानं चकाकताहेत, खालच्या फांद्यांना फळं लागलेली. काकांचे दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर आले. ते पुढे झुकले. दादाने केलेल्या कुठल्याही गोष्टीकडे काका पुढे झुकून बघताहेत हे मी त्या घरात कधी पाहिलं नव्हतं. दादानेही नव्हतं. तो पडद्याकडे बघतच नव्हता. तो काकांच्या तोंडाकडे बघत होता.

पडद्यावर मारेकरी झाडाखाली आला. गॉगल काढला. आणि वहिनीने, लग्नात नवरीचे डोळे भरून आले की ती जसा कॅमेरा जवळ नेते तसा, हळूहळू कॅमेरा जवळ नेला. चेहरा मोठा झाला. आणखी मोठा झाला. आता पडद्यावर नुसता दादा होता, त्याचे भरलेले डोळे, आणि कानांच्या दोन्ही बाजूंना थोडीशी पानं.

काका डावीकडे झुकले. मग उजवीकडे झुकले. पुन्हा डावीकडे, अधिक खाली, मान वाकडी करून. त्यांचे ओठ हलले. काकीने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आला. आता तो शब्द आला.

"बाजूला हो," काका म्हणाले.

टीव्हीशेजारी उभा असलेला दादा दचकला आणि घाईने एक पाऊल बाजूला झाला, जरी तो मधे नव्हताच. काकांचा आवाज चढला, डोळ्यांची पट्टी निघाल्यापासून पहिल्यांदाच, आणि हात पडद्यापर्यंत लांबवून ते ओरडले:

"तू नाय रे, तो! तो मेला मधी उभा राहिलाय, त्याला बाजूला कर! झाड दिसत नाय!"